मैनपाटले एवढं जाड जॅकेट?

५ जानेवारी, रविवार

सकाळपासून जॅकेटंच बघतेय. डोळे चुरचुरायला लागले. सगळीकडे तीच एक बाई बर्फात उभी, केस मोकळे, आणि हसतेय! थंडीत एवढं हसायला काय झालंय हिला? जॅकेटचा रंग बदलतो, बाई तीच. झिप कशी आहे, आतून शिवण कशी आहे — ते दाखवायला कोणी तयार नाही.

कशासाठी बघतेय ते लिहूनच टाकते. लिहिल्यावर तरी खरं वाटेल.

लेहच्या पुढे एका गावात निवासी शाळा आहे. तिथं मला घेतलंय! भौतिकशास्त्र, आठवी ते दहावी, दोन वर्षं. मार्चच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. जानेवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं. तिथल्या मुख्याध्यापक बाई फोनवर म्हणाल्या, "मैडम, बाकी सब यहाँ मिल जाएगा. जैकेट अच्छा लेकर आइए. जैकेट में समझौता मत कीजिए."

बाबांना सांगितलेलं नाही. धाकट्या भावाला, यशोधनलाही नाही. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, आणि गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने चोरून जॅकेट बघते. कॉलेजातली पोट्टी असते तर निदान लोकांनी दुसराच संशय घेतला असता.

६ जानेवारी, सोमवार

आमच्याच शाळेत शिकवणाऱ्या मीराला सांगितलं. फक्त तिलाच. ती दरवर्षी उत्तराखंडात कुठे कुठे चढून येते, तिला यातलं कळतं. नागपूरकडचीच, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. म्हणाली, "पाँच स्टार वाले रिव्ह्यू मत पढ़. वो लोग पैकेट खोलते ही लिख देते हैं. तीन स्टार वाले पढ़. उन्होंने पहना है, धोया है."

आणखी बरंच सांगितलं. ज्या जॅकेटचा उलट्या बाजूचा फोटो नाही ते सोडून द्यायचं. झिपच्या मागे कापडाची पट्टी हवी, नाही तर वारा थेट छातीत. मनगटाला घट्ट बसणारं हवं. टाके बारीक हवेत, जवळ जवळ. मोठे टाके म्हणजे आतला कापूस महिनाभरात खाली उतरून बुडाशी गोळा. आणि लोकांनी घरी काढलेले फोटो बघायचे — पलंगावर पसरलेलं जॅकेट खोटं बोलत नाही म्हणे.

घरी येऊन तीन स्टारवाले वाचत बसले. कोणी मनालीहून लिहिलंय, कोणी गंगटोकहून. "झिप दुसऱ्याच दिवशी दात विचकायला लागली." "हात वर केला की पाठ उघडी." कुठली कुठली माणसं, आणि सगळी बाहेर! मला जॅकेटपेक्षा त्यांचाच हेवा वाटला.

८ जानेवारी, बुधवार

शाळेत मीटिंग लांबली. घरी आले तर बाबा व्हरांड्यात बसलेले, आत टेबलावर ताट झाकलेलं. सकाळीच मी सगळं करून गेले होते, गरम करून घ्यायचं होतं फक्त. म्हटलं, "जेवला का नाहीत?"

"मी तुले काही म्हणलं का? भूक नव्हती."

आणि मी पोळी वाढल्याबरोबर पहिले तीन घास एका दमात!

बाबा कधीच नाही म्हणत नाहीत. आई होती तेव्हा मला नागपूरच्या कॉलेजात नोकरी मिळत होती, त्या नोकरीला नाही म्हणाले नाहीत. भिलाईच्या स्थळाला नाही म्हणाले नाहीत. फक्त जेवत नाहीत. एक वेळ, दोन वेळ. मग आई म्हणायची, जाऊ दे यामू. आणि मी जाऊ द्यायची. आता आईही नाही, सहा वर्षं झाली, आता जाऊ दे म्हणायचं कामही माझ्याकडेच आलंय. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं हो!

११ जानेवारी, शनिवार

पहिलं जॅकेट आलं. नेमकी मी न्हाणीत. बाहेर आले तर पार्सल बाबांच्या मांडीवर.

आता पार्सल आणि बाबा! सगळी नोकरी रायपूर स्टेशनावर पार्सल बाबू म्हणून गेली. डबा दिसला की हात शिवशिवतात. चारही कोपरे दाबून पाहिले, कानाशी नेऊन हलवलं, हातावर तोललं. पार्सलवाला विकी — आमच्या चौबे कॉलोनीत सगळीकडे तोच येतो, चांगला दोन लेकरांचा बाप आहे — दारात ताटकळत उभा. "अंकल, ओटीपी बता दो बस." बाबा म्हणाले, "थांब. माल पाहिल्याशिवाय सही होत नसते." सही मागितली होती कोणी!

"काय मागवलं?"

"जॅकेट." मग आमच्या छत्तीसगडातलं थंड हवेचं ठिकाण तेवढंच आठवलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "शाळेची सहल आहे. मैनपाटला."

"मैनपाटले एवढं जाड जॅकेट? मी मैनपाटले मफलरवर जाऊन आलो."

उघडलं. बाबांनी ते आधी उलटंच केलं. बगलेतला एक धागा लोंबत होता, तो चिमटीत धरून ओढला तर शिवण वीतभर उसवत आली. "हे पाय," म्हणाले, "सुलटीकडून सगळाच माल चांगला दिसते." झिपही अडकत होती, अस्तर चावत होती. परत!

खरं सांगू? उसवलं तेव्हा मला जरा हलकं वाटलं. का ते माहीत नाही.

१२ जानेवारी, रविवार

परतीचं पार्सल बाबांनी बांधलं. मला हात लावू दिला नाही. कुठून तरी सुतळी काढली, उभी-आडवी आवळली, गाठीवर गाठ. विकी म्हणाला, "अंकल, इसकी जरूरत नहीं, टेप बहुत है." बाबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचारा सुतळीसकट घेऊन गेला.

दिवसभर बाबा खुशीत. किती दिवसांनी काही काम मिळालं त्यांना! वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचाच राग आला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईची हळदीकुंकवाची कोयरी घासून देवघरात ठेवली. चांदीची, झाकणाला बारीक मोर. एरवी कपाटातच असते. शेजारच्या पूर्णिमाकाकू तिळगूळ घेऊन आल्या, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा. म्हणाल्या, "यामिनी, तू आहेस म्हणून नीलकंठरावांचं चाललंय बरं!" हे वाक्य आता लोक नमस्कारासारखं म्हणतात.

कोयरी हातात घेतली आणि आई आठवली. नवीन कपडा घरात आला की घडी मोडायच्या आधी त्याच्या आतल्या कोपऱ्याला हिचं बोट. हळद, वर कुंकू, दाण्याएवढं. साडी असो, यशोधनची चड्डी असो, एकदा तर छत्रीला लावलं होतं! पंडरीच्या कापड बाजारातून एकदा साडी आणली, घरी आल्या आल्या बोट लावलं आणि मग पदरात भोक दिसलं. कुंकू लागलेली साडी दुकानदार कशाला परत घेतोय? बाबांनी पुढे कितीतरी वर्षं तिला चिडवलं — "बोट लागलं, आता माल आपला!" आई भोकावर रफू करून तीच साडी नेसायची आणि म्हणायची, हो, माझाच.

ती गेल्यावर आमच्या घरात कशालाच बोट लागलं नाही. मला आठवण राहत नाही. बाबा तर देवघराकडे फिरकतही नाहीत, दिवासुद्धा मीच लावते.

१६ जानेवारी, गुरुवार

बाबांच्या जेवणाची सोय झाली तर निम्मा प्रश्न सुटेल, म्हणून शांताबाईंना बोलावलं. बीरगांवहून येतात, दोन घरी स्वयंपाक करतात, हाताला चव आहे असं मीरा म्हणाली. बाबांना सांगितलं, परीक्षेचे पेपर आहेत, मला वेळ नाही.

बाबांनी ताटाकडे पाहिलं. "ही भाजीत पाणी आहे का पाण्यात भाजी?" दोन घास खाऊन उठले.

शांताबाई जाताना फाटकाशी म्हणाल्या, "दीदी, बाबूजी ला मोर हाथ के साग नइ मिठावय." मी म्हटलं, आवडेल तुमच्या हातची भाजी हळूहळू, आणखी दोन दिवस बघू. "हव," म्हणाल्या, पण चेहऱ्यावर दिसत होतं. भाजी मी खाल्ली. उत्तम झाली होती.

१७ जानेवारी, शुक्रवार

शांताबाईंना बाबांनी सकाळीच फाटकावरून परत पाठवलं. "माझी पोट्टी करते स्वयंपाक." मी आत पोळ्याच लाटत होते.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरं जॅकेट. शिवण चांगली, झिप चांगली, मागे पट्टीही आहे. पण बाह्या बोटांपर्यंत! खांदे खाली उतरलेले. मापाचा तक्ता बघून मागवलं होतं. मीरा म्हणाली अंगाचं माप नाही, आपल्याला नीट बसणाऱ्या कार्डिगनचं माप घ्यायचं असतं, छाती आडवी पसरून. हे आधी सांगायचं ना!

त्यातलंच एक नंबर लहान मागवता आलं असतं. मी मागवलं नाही, परत केलं. रंग आवडला नाही असं मीराला सांगितलं. ती म्हणाली, "यामिनी, तुझे जैकेट नहीं चाहिए. तुझे बहाना चाहिए."

फार बोलते ही बाई.

बाबांनी सुतळी बांधली.

२० जानेवारी, सोमवार

यशोधनला फोन केला. आडून आडून विचारलं, बाबांना चार-सहा महिने पुण्याला नेशील का. पुण्यात राहून त्याचं मराठी फार स्वच्छ झालंय. "ताई, अगं त्यांना इथे फ्लॅटमध्ये करमणार नाही. तू आहेस म्हणून मी किती निश्चिंत असतो, तुला कल्पना नाही."

आहे कल्पना! चांगली आहे!

पण फोनवर म्हटलं, बरं.

२३ जानेवारी, गुरुवार

तिसरं आलं.

गडद निळं. आल्या आल्या उलटं केलं, सुलट बघितलंच नाही. टाके बारीक, एकसारखे, एकही धागा लोंबत नाही. जोडांवर आतून पट्टी लावलेली. झिप जाड दातांची, एका बोटाने वरपर्यंत गेली, हनुवटीपाशी तिला टोपी शिवलेली — कातडी चिमटू नये म्हणून! कोणीतरी कुठेतरी बसून एवढा विचार केलाय, एका अनोळखी बाईच्या हनुवटीचा. मनगटाच्या आत आणखी एक विणलेलं मनगट. हात वर केले, पाठ झाकलेली. खाली वाकले, कंबर झाकलेली. मीराला फोटो पाठवले, तिने आतून-बाहेरून सगळे मागवून बघितले आणि एकच शब्द लिहिला — "बस."

गच्चीवर गेले, उन्हात घालून उभी राहिले. घामाच्या धारा! काढवेना. समोरच्या गच्चीवरच्या बाईला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. खिशात हात घातले आणि एकदम वाटलं की मी जाऊन राहिले. खरंच जाऊन राहिले!

खोट काढायला जागाच नाही. आता काय करू?

२४ जानेवारी, शुक्रवार

बाबा खोक्यावरचं, पिशवीवरचं, लेबलवरचं सगळं वाचतात. जुनी सवय. दुपारी जेवताना अचानक, "काहून वो, मैनपाटले उणे पंचवीस होते का?"

"काय?"

"त्या जॅकेटवर लिहिलं आहे. उणे पंचवीसपर्यंत."

"कंपन्या लिहितात हो वाढवून."

"हं," म्हणाले, आणि वरणात तूप घालून घेतलं.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन. घरी आले तर बाबांनी चहा करून ठेवला होता, आपणहून. असं कधी होत नाही. चहा पिता पिता विचारलं, "सहल कधी आहे तुमची?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये मैनपाटले पंखा लागते."

मी कपातच बघत बसले. त्यांनीही पुढे विचारलं नाही. हेच ते — विचारायचं नाही, म्हणायचं नाही, नुसतं बसायचं! मला वाटलं, ओरडावं. ओरडले नाही. कप विसळले.

२८ जानेवारी, मंगळवार

मारोतीकाका आले होते. बाबांचे रेल्वेतले दोस्त, त्यांना आता मुलगा-सून बघत नाहीत, त्याचंच रडगाणं चाललं होतं. मी आत वह्या तपासत होते, दार उघडं.

बाबा म्हणाले, "यशोधन पुण्याले गेला त गेला. मले काय चिंता? माझी यामिनी आहे ना. ती नाही जात कुठं."

मुद्दाम मोठ्यानं म्हणाले का? मारोतीकाकांना कमी ऐकू येतं, म्हणूनही असेल. पण मला वाटलं, ते वाक्य आत माझ्याकडेच पाठवलं होतं.

लाल पेन हातात तसाच राहिला. एका पोरीच्या वहीवर मोठा डाग पडला. उद्या तिला काय सांगू?

रात्री बाबा जेवले नाहीत.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळीही नाही. नुसता चहा.

संध्याकाळी ताट वाढलं आणि समोर बसले. मग बोलून टाकलं, सगळं एका दमात. मैनपाट खोटं आहे. लेहकडे शाळा आहे, नोकरी लागली आहे, दोन वर्षांची. जात नाही मी. जॅकेट परत करते. जेवा आता!

बाबांनी विचारलं, "कधीपासून?"

"मार्चपासून."

"तिथं कोणी आपलं?"

"नाही."

मग जेवले. दोन पोळ्या! रोज दीड खातात. वरण चांगलं झालं म्हणाले.

मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले. दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी! माझी दोन वर्षं मी ताटात वाढली आणि त्यांनी ती पोळीशी लावून खाल्ली. मला त्यांचा इतका राग याआधी कधी आला नव्हता. स्वतःचा तर विचारूच नको.

३० जानेवारी, गुरुवार

परतीची नोंद केली. उद्या विकी येईल. "नाही" असा मेल लिहून ठेवलाय, चार ओळींचा. जॅकेट गेलं की पाठवते. दोन्ही एकाच दिवशी होऊन जाऊ दे.

जॅकेट घडी करताना झिप एकदा वर-खाली केली. काय बनवलंय! खोक्यात घालणार तर बाबा म्हणाले, "ठेव तिथं. मी बांधतो. तुले सुतळी जमत नाही."

देऊन टाकलं. कपाळाला हात लावला. निदान त्यांना काम तरी मिळालं.

३१ जानेवारी, शुक्रवार

विकी आला. परतीचे कपडे ते दारातच उघडून बघतात. सुतळी कापली, जॅकेट बाहेर काढलं, कॉलर उलटी केली आणि थांबला. "दीदी, ये वापस नहीं होगा. दाग है."

कॉलरच्या आत, लेबलाशेजारी. हळद, तिच्यावर कुंकू. आईचं दाण्याएवढं असायचं, हा अख्खा अंगठा होता, जरा घसरलेला.

देवघरात जाऊन पाहिलं. कोयरीचं झाकण उघडंच होतं.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही. म्हणाले, "बोट लागलं. आता माल आपला." मग पान उलटून, "त्या शांताबाईले सांग, भाजीत पाणी कमी टाकत जाय."

विकी कधी गेला कळलं नाही. मेल अजून फोनमध्येच आहे. मी जॅकेट पोटाशी धरून तिथंच उभी. आता अडवायला कोणी नाही. भीती वाटतेय!